दात किती असावेत?

इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक आगळी शर्यत सुरू झाली. तिचे नाव 'बाजा'. मूळ स्पर्धा अमेरिकेतली, १९७६ सालची. नाव मेक्सिकोतल्या बाहा या वाळवंटी द्वीपकल्पावरून आलेले. स्पॅनिश उच्चार 'बाहा' असला तरी आपल्याकडे सगळे 'बाजा'च म्हणतात, आणि त्या गाड्यांचा आवाज ऐकला की तेच नाव योग्य वाटते. विद्यार्थ्यांनी नळ्यांचा सांगाडा जोडून एका माणसाची गाडी स्वतः बनवायची आणि चिखल, दगडधोंडे, चढउतार यांतून पळवायची. कोणत्याही जमिनीवर चालणाऱ्या अशा गाडीला एटीव्ही म्हणतात. आधी चढ चढणे, थोड्या अंतरात वेग घेणे अशा छोट्या परीक्षा होतात आणि शेवटी कित्येक तासांची दमछाक करणारी शर्यत.

इंजिन मात्र सर्व संघांना ठरावीक, एकाच प्रकारचे. अनेक वर्षे ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे, सुमारे १० अश्वशक्तीचे होते. त्यात फेरफार करून ताकद वाढवायला बंदी. मग एकाची गाडी चढावर अडकते आणि दुसऱ्याची वर जाते, हे कसे? वजनात फरक असतो, चालवणाऱ्याच्या कसबात असतो. पण बरेचसे उत्तर इंजिन आणि मागची चाके यांच्या मधल्या जागेत असते. साखळी ज्या दातेरी चक्रांवरून फिरते त्या स्प्रॉकेटांना दात किती ठेवले, यावर ते अवलंबून असते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अशा गाड्या बांधणारी मुले हे गणित आज संगणकावर सोडवतात. त्याच मुलुखात शंभर वर्षांपूर्वी ते बैल, ऊस आणि कडबा यांच्या संदर्भात सोडवले जात होते. फक्त तेव्हा ते उलट्या बाजूने मांडलेले होते. ही बाजू केव्हा आणि का पालटली, ते या लेखात पाहू.

सुरुवात सायकलीपासून करू. शाळेच्या आवारात ती हाताशी असते, आणि आपला इतिहासही तिच्यापासूनच सुरू होतो.

पाय लांब की दात जास्त?

एकोणिसाव्या शतकातल्या उंच सायकलींची चित्रे आपण पाहिलेली असतात. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे, मागचे अगदी चिमुकले. ही हौस नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून मार्ग नव्हता. चाक किती मोठे करता येईल, हे स्वाराच्या पायांची लांबी ठरवी. १.३ मीटर व्यासाच्या चाकावर एका फेऱ्यात सुमारे ४.१ मीटर अंतर जाई. बुटका माणूस कितीही दमदार असला तरी शर्यतीत मागे पडणार.

यातून सुटका साखळीने केली. हान्स रेनॉल्ड याने इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १८८० साली बुश आणि रोलर असलेली साखळी तयार केली. आजच्या सायकलीवर, मोटरसायकलीवर, एटीव्हीवर तिचीच वंशज असते. रोलर दातावर घासत नाही, फिरत बसतो. त्यामुळे झीज आणि घर्षण दोन्ही कमी. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळीने गती.

समजा, पुढच्या चक्राला ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. (शाळेतल्या सायकलीचे मुलांना मोजायला सांगावे. एका दातावर खडूची खूण केली म्हणजे मोजताना गोंधळ होत नाही.) पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ फेरे घेईल. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला तर सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाईल. उंच सायकलीपेक्षा जास्त, आणि तीही जमिनीला पाय टेकवून बसता येईल अशा सायकलीवर. पायांच्या लांबीचे काम दातांच्या संख्येने केले.

पण हे फुकट मिळत नाही. पायडलाची दांडी १६.५ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात पाऊल १.०४ मीटर फिरते आणि सायकल ५.४ मीटर जाते. अंतर ५.२ पट झाले, म्हणून रस्त्यावर मिळणारा जोर पायाच्या जोराच्या ५.२ व्या हिश्श्याइतका उरला. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट साध्या सायकलीवर चढू पाहणाऱ्याला हा भागाकार मांड्यांत जाणवतो. स्वार ६५ किलोचा आणि सायकल २० किलोची. दहा मीटरला एक मीटर असा चढ असेल तर ८५ किलोचा दहावा हिस्सा, म्हणजे ८.५ किलोग्रॅम-भार इतका जोर नुसते मागे न घसरण्यासाठी हवा. त्याच्या ५.२ पट म्हणजे पायडलावर सरासरी सुमारे ४४ किलो. पाय सतत वर्तुळाच्या दिशेने जोर लावत नाही, सरळ खाली दाबतो. त्यामुळे त्याच्या दाबाचा सरासरी ०.६४ इतकाच भाग कामी येतो. म्हणजे प्रत्यक्ष दाब सुमारे ६९ किलो हवा. स्वाराचे स्वतःचे वजन ६५! तो पायडलावर उभा राहिला तरी सायकल सरकणार नाही. तो उतरतो आणि सायकल ढकलत नेतो, तेव्हा त्याला आळशी म्हणू नये.

गुणोत्तर बदलता आले तर? पुढे २८ आणि मागेही २८ दात ठेवले तर तोच चढ २८ किलोच्या दाबाने चढता येतो. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, तूर द फ्रान्समध्ये, चालू सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या योजनेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. त्याआधीचे स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे बसवत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे, माथ्यावर पुन्हा उतरून पहिल्यासारखे करायचे. केव्हा उतरायचे याचा अंदाज चुकला तर शर्यत हातची जाई. स्प्रॉकेट निवडणे हे शर्यतीचे अंग पहिल्यापासूनच होते.

बेळगावहून कुंडलला

आपल्या भागात सायकल आणि दातेरी चक्रे यांचा संबंध एका मोठ्या उद्योगाच्या जन्माशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. किर्लोस्कर उद्योग आपला आरंभ १८८८ असा सांगतो. स्टार्लीची 'रोव्हर' त्या वेळी अवघी तीन वर्षांची होती. विकलेली सायकल दुरुस्त करावी लागते, आणि ती दुरुस्त करणाऱ्याला साखळी, दात, बेअरिंग यांची ओळख आपोआप होते. पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवू लागले.

कारखान्याची बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. पूर्वी ही विभागणीही नव्हती. १९४९ साली 'दक्षिण सातारा' नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. किर्लोस्करवाडीच्या नांगराची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे पहिले नांगर विकले जायला फार काळ लागला. कडबाकुट्टीच्या यंत्राबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि आपल्या दृष्टीने तेच अधिक पाहण्यासारखे आहे.

कडबाकुट्टीच्या मोठ्या जड चाकावर दोन पाती असतात. चाक हाताने फिरवायचे. त्याच वेळी दातेरी चाकांच्या मार्फत दोन रूळ सावकाश फिरतात आणि कडबा आत ओढतात. चाकाच्या एका फेऱ्यात रुळांनी कडबा २४ मिलिमीटर पुढे सरकवला, तर दोन पात्यांमुळे कुट्टीचा तुकडा १२ मिलिमीटरचा होईल. मधले दातेरी चाक बदलून रूळ दुप्पट वेगाने फिरवले तर तुकडा २४ मिलिमीटरचा. तुकडा बारीक हवा की जाड, हे पाते ठरवत नाही, दात ठरवतात. जनावराच्या तोंडात जाणाऱ्या घासाची लांबी दातांच्या संख्येत लिहिलेली असते, हे मला या यंत्रातले सर्वांत सुंदर वाटते. (त्याच रुळांत कडब्याबरोबर हात ओढला जाऊन बोटे गमावलेली माणसेही खेड्यापाड्यांत भेटतात. रुळांपुढची लांब पेटी आणि चाकांवरची झाकणे कोणी काढून ठेवली असतील तर ती परत बसवायला सांगणे, हेही विज्ञान शिकवणेच आहे.)

बैलांचा पीळ

आता बैलांकडे येऊ. मोट ओढताना बैलांना दात लागत नसत. धावेच्या उतारावरून खाली जाताना त्यांचे स्वतःचे वजनच मदतीला येई. पण गोल फिरणाऱ्या कामाला, म्हणजे उसाच्या चरकाला, बैल जुंपले की हिशेब वेगळा होतो.

बैलजोडी दिवसभर काम करताना साधारण ८० किलोग्रॅम-भार इतका जोर लावते आणि सेकंदाला पाऊण मीटर चालते असे धरू. शक्ती झाली सुमारे ५९० वॅट. एका अश्वशक्तीहून थोडी कमी. चरकाच्या मध्यापासून ३.५ मीटर लांबीच्या लाकडाला जोडी जुंपली, तर एका फेऱ्याला २२ मीटर चालावे लागेल. म्हणजे मिनिटाला दोन फेरे. संथ खरे, पण त्या फेऱ्यामागचा फिरवण्याचा जोर पाहा. पुस्तकात याला बल आघूर्ण म्हणतात. मी सोयीसाठी 'पीळ' म्हणतो. तो येतो सुमारे २७५० न्यूटन-मीटर.

बाजाच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ किती? सुमारे १९ न्यूटन-मीटर! चाळीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पाच किलोचे वजन टांगले की पडतो तेवढाच. कडबाकुट्टी फिरवणारा गडी हाताने साधारण तेवढाच पीळ देत असतो. गड्याचे चाक मिनिटाला चाळीसएक फेरे घेते आणि इंजिन तोच पीळ मिनिटाला २६०० फेरे घेत असताना देते, फरक काय तो एवढाच. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग, म्हणून इंजिनाची शक्ती सुमारे ५२०० वॅट होते. बैलजोडीपेक्षा इंजिनाची शक्ती जवळजवळ नऊपट, पण पीळ मात्र एकशेचाळिसाव्या हिश्श्याइतका. 'इंजिन बैलांपेक्षा बलवान' असे आपण सहज बोलतो. मुलांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले तर बल आणि शक्ती यांतला फरक व्याख्येपेक्षा लवकर समजतो.

उसाच्या चरकाला बैलांचा संथपणा मानवतो. रूळ सावकाश फिरले तरच रस नीट निघतो. बिहारमध्ये बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न यांनी १८७० च्या दशकात लोखंडी रुळांचा चरक प्रचारात आणला. लाकडी घाण्याच्या जागी गावोगाव जे लोखंडी चरक आले, त्यांची रचना त्याच धर्तीची होती. मधल्या उभ्या रुळाला बैलांचे लाकूड जोडलेले, आणि बाजूचे रूळ त्याच्याशी दातांनी गुंतलेले. दात सगळीकडे सारखेच, कारण वेग बदलायचा नसतो; फक्त दिशा उलटवायची असते.

पण बैलांकडून कडबाकुट्टीसारखे भराभर फिरणारे यंत्र चालवायचे म्हटले की मिनिटाला दोन फेऱ्यांचे चाळीस करावे लागतात. मोठ्या चाकाने लहान चाक फिरवायचे, त्या आसावरच्या मोठ्याने पुन्हा लहान. पीळ विसाव्या हिश्श्यावर आणि वेग वीसपट. सायकलीतही हेच घडते. माणसाचे पाय आणि बैलांचे खांदे हे दोन्ही संथ पण जोरकस, म्हणून त्या काळातल्या दातांना मुख्यतः एकच काम होते: पीळ खर्चून वेग विकत घेणे.

इंजिन येते आणि बाजू पालटते

साताऱ्याजवळ, पाडळी गावाच्या हद्दीत, रेल्वेचे सातारा रोड स्टेशन आहे. तेथे धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२० च्या दशकात उभा राहिला. हे तेच कूपर, जे १९३७ साली थोडे महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. नांगर आणि शेतीची अवजारे यांच्या पाठोपाठ १९३० च्या दशकात या कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडू लागली. भारतात अशी इंजिने बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे तो वालचंद समूहाकडे गेला.

त्या पिढीची शेतीची इंजिने आजच्या मानाने मंद. मिनिटाला ६५० फेरे ही इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाची चाल आपल्याकडे फार वर्षे सर्वांच्या ओळखीची होती. पण चरकाला हवे असतात मिनिटाला दहाएक फेरे. म्हणजे गुऱ्हाळावर इंजिन आणताक्षणी कोणीतरी ६५ पट वेग कमी करून द्यायला हवा. बैलांच्या वेळी जी चाके वेग वाढवण्यासाठी लावत, ती आता उलट्या क्रमाने लागू लागली. लहान आधी, मोठे नंतर. ओतशाळेतला साचा तोच, दात पाडण्याची कृती तीच, फक्त कोणते चाक कोणाला ढकलते हे बदलले. माझ्या मते कृष्णाकाठच्या यंत्रयुगाचा खरा सांधा येथे आहे. इंजिन विकत आणता येत होते. ते चरकाला जोडायचे कसे, हे येथल्या ओतशाळांनी आणि फिटरांनी ठरवले.

हे ६५ एकदम होत नाहीत. आधी पट्टा: इंजिनावरची पुली लहान, चरकावरची पाचपट मोठी. उरलेले १३ पट दातेरी चाकांच्या दोन टप्प्यांत. पट्टाच आधी का? उसाच्या मोळीतून दगड किंवा लोखंडाचा तुकडा रुळांत गेला तर पट्टा घसरतो किंवा उडून पडतो. गुऱ्हाळवाला शिव्या देतो, पट्टा पुन्हा चढवतो, काम चालू होते. तेथे साखळी किंवा दातच असते तर दात तुटले असते. जेथे वेग जास्त आणि पीळ कमी तेथे पट्टा पुरतो. जेथे पीळ वाढलेला असतो तेथे तो टिकत नाही आणि दात लागतात. हा क्रम बाजाच्या गाडीत जसाच्या तसा आढळतो.

दुचाक्यांचा इतिहास मी येथे सोडून देतो. फक्त एक सांगावेसे वाटते. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यात बनणाऱ्या 'प्रिया' स्कूटरला साखळी नव्हतीच. तिचे इंजिन मागच्या चाकाला चिकटून असे आणि दातेरी चाकेच थेट चाक फिरवत. २००६ साली तेथले स्कूटरचे उत्पादन थांबले, पण एखादी जुनी प्रिया उघडलेली दिसली तर मुलांना अवश्य दाखवावी.

एकास दोनचा चढ

आता एटीव्हीचे गणित मांडायला आपल्याजवळ सगळी सामग्री आहे. गाडी आणि चालक मिळून २५० किलो धरू. मागच्या टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर. दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ चढायचा आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ११०० न्यूटन आणि मऊ मातीचा विरोध आणखी १०० धरला तर चाकाने जमिनीला १२०० न्यूटन इतका जोर लावायला हवा. त्रिज्येने गुणले की चाकाला ३३६ न्यूटन-मीटर पीळ लागतो. इंजिनाच्या १९ पैकी पंधराएक टक्के वाटेत घर्षणात जातात आणि १६ उरतात. ३३६ भागिले १६ म्हणजे २१. इंजिनाचे २१ फेरे आणि चाकाचा एक, असे गुणोत्तर हवे.

पण सपाटीवर काय? हे इंजिन मिनिटाला ३८०० फेऱ्यांपुढे जाऊ देत नाहीत. २१ च्या गुणोत्तरावर गाडीचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या वर जाणार नाही. शर्यतीत ५५ हवे असतील तर गुणोत्तर ७.३ पाहिजे, आणि ७.३ वर गाडी तो चढ चढणार नाही. कोणत्याही एका स्प्रॉकेट-जोडीने हे दोन्ही साधत नाही. तूर द फ्रान्सचा स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे बसवत असे, त्याचे कारण हेच.

आपल्याकडच्या अनेक संघांनी यावर एक देशी तोड काढली. मालवाहू तीनचाकी रिक्षाचा गिअरबॉक्स त्यांनी बाजाच्या गाडीला बसवला. त्यातल्या एका प्रचलित पेटीत पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर सुमारे ३१ आणि चौथ्याचे सुमारे ७. आपण आत्ता काढलेल्या २१ आणि ७.३ या दोन्ही आकड्यांना ती पेटी सामावून घेते. यात आश्चर्य नाही. लहान इंजिन, भाजीच्या पोत्यांचा भार आणि खेड्याचा रस्ता यांसाठी ज्याने ते दात निवडले, त्याच्यापुढे प्रश्न जवळजवळ हाच होता.

दुसरा मार्ग म्हणजे रबरी पट्ट्याची, पुलीची रुंदी आपोआप बदलणारी योजना. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असते तशी. ती वेगानुसार गुणोत्तर ३.९ पासून ०.९ पर्यंत सरकवते असे धरू. तिच्या पुढे ७.५ पट वेग कमी करणारी ठरावीक जोडणी दिली की एकूण गुणोत्तर २९ ते ६.७५ होते. पट्टा आधी, दात नंतर, गुऱ्हाळासारखेच. हे ७.५ स्प्रॉकेटांनी मिळवायचे कसे? एकाच टप्प्यात १० आणि ७५ दात घेता येतील. पण १२.७ मिलिमीटर अंतराच्या साखळीसाठी ७५ दातांचे चक्र ३० सेंटिमीटर व्यासाचे होते. चाकाच्या आसावर ते बसवले तर जमिनीपासून १३ सेंटिमीटर उंचीवर लोंबेल आणि पहिल्याच दगडावर आपटेल. शिवाय १० दातांचे चक्र म्हणजे वर्तुळ नसून दशकोन. साखळी त्यावरून उसळत जाते आणि तिचा वेग प्रत्येक दाताला जवळजवळ पाच टक्के मागेपुढे होतो. १७ दात असतील तर हाच फरक पावणेदोन टक्क्यांवर येतो. म्हणून दोन टप्पे करतात. १५ आणि ४१ दातांची जोडी दोनदा घेतली की २.७३ गुणिले २.७३, म्हणजे ७.४७. आणि ४१ दातांचे चक्र अवघे साडेसोळा सेंटिमीटर.

मग गुणोत्तर मोठे ठेवावे तेवढे चांगले का? नाही, कारण जमिनीलाही मर्यादा आहे. सपाट भुसभुशीत मातीवर मागच्या चाकांवर १५० किलो भार असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.७ असेल तर जमीन सुमारे १०३० न्यूटनच झेलू शकते. हिशेब केला तर १८ च्या वरचे गुणोत्तर अशा जागी धूळ उडवण्यापलीकडे काही करत नाही. चढावर वजन मागच्या चाकांवर सरकते, म्हणून तेथे थोडे जास्त चालते. या गाड्यांचे सराव पाहताना माझे लक्ष नेहमी चाकाखालच्या मातीकडे जाते. चाक जागच्या जागी गरगरते की इंजिन गुदमरून बंद पडते, यावरून दात जास्त झाले की कमी पडले ते ओळखता येते.

सम की विषम?

गुणोत्तर ठरले तरी काम संपत नाही. १५ ला ४५ हे गुणोत्तर बरोबर तीन. हिशेबाला किती सोपे! पण एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांसाठी जुने कारागीर अशी जोडी टाळत. लहान चाकाचा एखादा दात किंचित वाकडा असेल तर तो दर तीन फेऱ्यांनी मोठ्या चाकाच्या त्याच तीन दातांना ठोकत राहतो. मोठ्याला एक दात वाढवून ४६ केले की १५ आणि ४६ यांचा लसावि ६९० येतो. आता तीच दोन दातांची भेट लहान चाकाच्या ४६ फेऱ्यांनंतर होते आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. लाकडी दातांच्या पवनचक्क्यांच्या काळापासून युरोपातल्या कारागिरांना ही युक्ती माहीत होती. लसावि कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलासाठी हे उत्तर राखून ठेवावे.

साखळीतही असेच. आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्या आळीपाळीने येत असल्यामुळे साखळीच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात. १०४ कड्यांची साखळी १६ दातांच्या चक्रावर घातली तर एक कडी त्या चक्राच्या दोनच दातांवर आलटून पालटून बसते. १५ दातांवर तीच कडी प्रत्येक दाताला भेटते. म्हणून पुढच्या स्प्रॉकेटला शक्यतो विषम दात असतात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी जमीन अपेक्षेपेक्षा मऊ निघाली तर पेटीतला गिअर बदलता येत नाही; स्प्रॉकेट बदलता येते. १४ आणि ३८ दातांच्या जोडीचे गुणोत्तर २.७१. मागे तीन दात वाढवून ४१ केले तर ते २.९३ होते. पुढचा एक दात कमी करून १३ केले तरी २.९२. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तिघांच्या तोलाचा. पुढचे चक्र लहान, स्वस्त आणि खिशात मावणारे, म्हणून संघ त्याच्याच दोन-तीन जोड्या बरोबर ठेवतात. मागचे बदलायचे तर साखळीला कड्याही वाढवाव्या लागतात, आणि ते काम संध्याकाळच्या उजेडात कोणालाच नको असते.